पिपरघाटच्या गाडीतली दुसरी जागा

नागपूरच्या धरमपेठेत सकाळी चालायला निघणाऱ्यांची एक जमात आहे. गिरिधरराव सालपेकरांना ती डोळ्यांसमोर नको असे. बागेभोवती घाण्याच्या बैलासारख्या फेऱ्या मारायच्या, मनगटावरच्या घड्याळाला आपली पावलं विचारायची आणि शेवटी कोपऱ्यावर तर्री-पोहे हाणून, जळलं असेल त्याच्या दुप्पट पोटात भरून घरी जायचं, याला ही माणसं चालणं म्हणत. बूट असे घालत की जणू हिमालय चढायचाय. चढत मात्र फक्त फूटपाथ, तोही गाडी लावली असेल तिथपर्यंतच.

"चालायचं तर कुठेतरी जायला पाहिजे," गिरिधरराव म्हणत. "निघालो तिथेच परत आलो तर मग निघालो कशाला?"

त्यांचं स्वतःचं चालणं रविवारी असे आणि ते एसटीने सुरू होई. उजाडता उजाडता स्टँडवर पोचायचं आणि मौद्यावरून पिपरघाटला जाणारी गाडी धरायची. गाव यायच्या आधी एका फाट्यावर उतरायचं, धानाच्या शेतांच्या धुऱ्या-बांधांवरून कन्हान नदी गाठायची आणि मग काठाकाठाने चालत सुटायचं. रेतीत टरबूज-डांगरांच्या वाड्या, पाण्यात उभे बगळे, लांबवर मौद्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या. शेवटी पिपरघाटला शोभाताईच्या टपरीवर चहा, आणि तीच गाडी परत. कार नाही, ग्रुप नाही, टोपीवर छापलेलं नाव नाही. हे सगळं असणाऱ्यांविषयी गिरिधररावांचं मत विचारायची सोय नव्हती, कारण न विचारताच ते सांगत.

मत देणं त्यांच्या रक्तातच होतं. भोसल्यांच्या काळात कोणी एक सालपेकर कारकुनी करायला नागपुरात आला, तेव्हापासून या घराण्याने पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले. गिरिधररावांनीही एका सरकारी कचेरीत तेच केलं. निवृत्त झाल्यावर अर्ज संपले, शेरे उरले. मग ते माणसांवर मारू लागले. मुलगा बंगलोरला राहतो, तो फोनवर आठवड्याची खबर देतो आणि वडिलांनी तोंड उघडायच्या आत फोन आईकडे द्यायला सांगतो. ताराबाई, म्हणजे पत्नी, कानाआड करायला शिकल्या होत्या. टिकून राहिलेला मित्र एकच, सुमंत खानझोडे.

सुमंत कचेरीत त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसे. किडकिडीत, चपळ, आणि गिरिधररावांच्या प्रत्येक शेऱ्यावर मनापासून हसणारा. असा श्रोता मिळणं म्हणजे भाग्यच. रविवारच्या गाडीत जागा धरायचं काम त्याचं. गाडी फलाटाला लागायच्या आधीच तो तिच्या बाजूने पळत सुटायचा आणि उघड्या खिडकीतून दोन रुमाल आत टाकायचा, एक स्वतःचा निळ्या चौकड्यांचा, एक गिरिधररावांचा पांढरा. रुमाल पडला की जागा आपली, हा एसटीतला कायदा कुठल्या सरकारने केलेला नाही, पण तो मोडायची हिंमत अजून कोणाची झालेली नाही. गिरिधररावांनी एकदा स्वतः रुमाल टाकून पाहिला. तो एका बाईच्या मेथीच्या टोपलीत पडला आणि बाईने त्याला नाक पुसून परत दिला. सुमंत त्यावर मौद्यापर्यंत हसत होता.

हा सुमंत दिवाळीपासून येईनासा झाला.

आधी म्हणाला सर्दी आहे. मग म्हणाला एसटीत वास येतो. मग म्हणाला सीटचा पत्रा टोचतो. मग एक दिवस त्याची मुलगी नूपुर हिने मोठी, उंच, काळीशार कार घेतली. बायको गेल्यापासून सुमंत तिच्याकडेच राहत होता. तो फोनवर म्हणाला, "आता घरची गाडी आहे तर कशाला बे धक्के खायचे? तूच येत जा आमच्यासोबत."

"मी?" गिरिधरराव म्हणाले. "त्या शवपेटीत? काचा लावून नदी बघायची असेल तर टीव्हीवर दाखवतात."

गिरिधररावांनी आणखी दोन-चार वाक्यं हाणली आणि फोन ठेवला. माणसाला मस्ती चढायला वय लागत नाही, असं त्यांनी ताराबाईंना ऐकवलं.

"तुम्ही एकदा जाऊन विचारा ना, काय झालं ते," ताराबाई म्हणाल्या.

"विचारायचं काय त्यात? कारवाला झाला तो."

खरं सांगायचं तर गिरिधररावांना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. सुमंतने परत पिपरघाटच्या गाडीत बसावं. बाकी नदी आहे तिथेच आहे, पण तिच्या काठाने एकट्याने चालताना कोणाची टिंगल करावी तर ऐकायला बगळे. ये म्हणून विनवणं मात्र सालपेकरांच्या कुळात कोणाला जमलेलं नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की टोमणे मारले की माणूस चिडतो, आणि चिडला की येतो. म्हणून ते फोन करून टोमणे मारत. आणि दर रविवारी, नेम चुकवत का होईना, खिडकीतून दोन रुमाल टाकत. दुसऱ्या जागेवर कोणाला बसू देत नसत.

"मानूस येऊन राहिला," असं आपल्या नसलेल्या वऱ्हाडीत ठोकून देत.

"कुठी हाय जी तुमचा मानूस?" एकदा एक बाई पोतं पायाशी ठेवून, दांड्याला लटकून म्हणाली. "पारडी गेली, टोलनाका गेला. दिसून तं नाही राहिला कुठी."

गिरिधरराव खिडकीबाहेर बघत बसले. मौदा आलं तेव्हा बाईने सरळ रुमाल उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि बसली.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. गिरिधरराव काठाने चालून पिपरघाटला पोचले, तर शोभाताईच्या टपरीसमोर नागपूरच्या कारांची रांग. रविवारी हे पीक आता गावोगावी येतं. बायका पाण्याकडे पाठ करून फोटो काढत होत्या, कारण चेहरा फोटोत यायला हवा, नदी आली तर आली. पुरुष डिक्की उघडून, त्यातून गाणी वाजवून, निसर्गाची शांतता किती छान आहे हे एकमेकांना ओरडून सांगत होते. गिरिधरराव बाकड्यावर बसले आणि नाक वर करून चहा पिऊ लागले.

"काहून जी साहेब, आजबी एकलेच?" शोभाताईने विचारलं. "ते दुसरे साहेब?"

"त्यांना आता चालत येणं शोभत नाही."

तेवढ्यात ती काळी, उंच कार उतारावरून खाली आली. पुढच्या सीटवर सुमंत होता, केस नीट विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट. आला! टोमणे फळाला आले म्हणायचे. ते उठणारच होते, पण नूपुरने उतरून मागचं दार उघडलं आणि आतून एक चौरंग काढला.

तो चौरंग गिरिधरराव ओळखत होते. सागवानी, कोपऱ्यांना पितळी फुलं. सुमंतची बायको दर श्रावणात त्यावर सत्यनारायण मांडायची, आणि त्याच्यासमोर बसून गिरिधररावांनी वाटीवाटीने प्रसादाचा शिरा खाल्ला होता. तोच चौरंग घेऊन नूपुर सुमंतच्या दाराकडे येत होती. नदीवर पूजा! म्हणजे कार घेऊन भागलं नाही, आता काठावर बसून नदीची ओटी भरणार, फोटो काढणार, ग्रुपवर टाकणार. ज्या सुमंतने देवळाबाहेर चपला सांभाळत उभं राहायलाही नाक मुरडलं, तो सुमंत!

गिरिधररावांना राहवलं नाही. ते बाकड्यावरूनच ओरडले, "अरे वा! नदीवर सत्यनारायण! मग केळीचे खांब कुठंयत? गुरुजींना काय डिक्कीत कोंबलंय?"

कारवाले हसले. पोहे खाणारे हसले. शोभाताईनेही पदर तोंडाला लावला.

नूपुर जागच्या जागी थबकली. "गिरिधरकाका, तसं नाहीये..."

"नूपुर," आतून सुमंत म्हणाला, "ठेव ते मागे."

"ठेव कशाला? मांड की!" गिरिधरराव आता रंगात आले होते. इतके दिवस साठलेलं सगळं तोंडावाटे बाहेर पडत होतं. "आणि तू उतर ना खाली, यजमान. का नदीच आणून देऊ गाडीत? चप्पल मळेल म्हणून बसून राहिला का बे?"

पुन्हा हशा. सुमंतने काचेतून समोरच्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "उतरायचं नव्हतंच. बघायला आलो होतो. झालं बघून."

नूपुरने चौरंग मागे ठेवला. कार वळली आणि धूळ उडवत चढावरून निघून गेली.

"तुमचे दोस्त हायत नं जी ते?" शोभाताई पेले विसळत म्हणाली. "चहाबी नाही घेतला त्यायनं."

"त्याच्या कारमध्ये चहाचं मशीन असेल," गिरिधरराव म्हणाले. पण यावर कोणी हसलं नाही. परतीच्या गाडीत त्यांनी दुसरा रुमाल टाकला नाही.

घरी त्यांनी सगळा प्रसंग रंगवून सांगितला. ताराबाईंनी भाजी निवडता निवडता एवढंच विचारलं, "उतरलेच नाहीत?"

"कुठला उतरतो!"

चार दिवसांनी ताराबाईंनी त्यांच्या हातात भरताचा डबा ठेवला. "सुमंतभाऊजींना देऊन या."

"मी काय पोस्टमन आहे?"

"हो," ताराबाई म्हणाल्या.

गिरिधरराव फणफणत निघाले. नूपुरच्या इमारतीत खाली पार्किंग होतं. कार तिथेच उभी होती. तिच्या पुढच्या दाराशी जमिनीवर चौरंग ठेवलेला, आणि त्या सागवानी फळीवर चपलांचे ठसे. एक-दोन नव्हे, ठशांवर ठसे. पितळी फुलांच्या खाचांत माती बसली होती. गिरिधरराव देवभोळे नव्हते, पण हे त्यांनाही बघवेना. पूजेच्या चौरंगावर पाय? कोण हलकट हा?

लिफ्टचं दार उघडलं. ते का कोण जाणे, खांबामागे सरले.

सुमंत नूपुरच्या दंडाला धरून बाहेर आला. धरून म्हणजे लटकून. एक पाय पुढे टाकायचा, थांबायचं, दुसरा ओढून आणायचा. लिफ्टपासून कारपर्यंतचं ते एवढंसं अंतर, पण संपता संपेना. चौरंगाशी आल्यावर त्याने नूपुरचा हात सोडला, कारच्या दाराला टेकला आणि चौरंगाला नमस्कार केला. वाकता येत नव्हतं, म्हणून उभ्यानेच हात जोडले. मग डोळे मिटून उजवा पाय चौरंगावर ठेवला. डावा वर येईना. नूपुरने मागून आधार दिला. पहिल्यांदा नाहीच जमलं. दुसऱ्यांदा दात-ओठ खाऊन त्याने स्वतःला वर ओढलं आणि सीटवर आदळला. थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिला. मग खिशातून कंगवा काढून केस नीट केले, कॉलर सारखी केली, आणि काचेत पुन्हा तो रुबाबदार कारवाला दिसू लागला, ज्याला गिरिधररावांनी इतके दिवस नावं ठेवली होती.

नूपुरने चौरंग उचलून मागे ठेवला आणि कार गेली. गिरिधरराव खांबामागेच उभे राहिले.

एसटीची पायरी गुडघ्याएवढी उंच असते. वास, पत्रा, सर्दी, सगळं खोटं होतं. नदीवर तो उतरणार होता. चारचौघांसमोर बायकोच्या चौरंगावर पाय ठेवून, दात-ओठ खात, पण उतरणार होता. आणि आपण काय म्हणालो? उतर ना खाली, यजमान.

सांगायला काय झालं होतं गाढवाला, असा एक संताप त्यांच्या डोक्यात आलाच. सवयच ती. पण त्याचं उत्तरही मागोमाग आलं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मौद्याला एक म्हातारा गाडीत चढत होता. दांडा धरून, थांबत, धापा टाकत. गाडी खोळंबली होती. गिरिधररावांनी खिडकीच्या जागेवरून आवाज दिला होता, "आजोबा, आज चढून राहिले का उद्या?" सगळी गाडी हसली होती. शेजारी सुमंतही हसला होता, नेहमीपेक्षा थोडा उशिरा. हसताना त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. ते आपल्याला दिसले होते. त्यानंतर तो आला नाही.

आयुष्यभर दुसऱ्याच्या अर्जात काय राहिलं ते शोधलं आणि शेजारी बसलेला माणूस वाचता आला नाही! गिरिधररावांना स्वतःची एवढी किळस कधी वाटली नव्हती. त्यांनी डबा चौकीदाराकडे दिला आणि ते चालत घरी आले.

"आपला चौरंग कुठाय?" त्यांनी विचारलं.

"काहून? पूजा काढताय?"

"पाय ठेवायचेत त्याच्यावर. चप्पल घालून."

ताराबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग देवघरातून चौरंग काढला, पुसला, त्यावरच्या कुंकवाच्या डागाला हात लावून कपाळाला टेकवला आणि त्यांच्या हाती दिला. काही विचारलं नाही, म्हणजे त्यांना कधीचं कळलेलं होतं.

रात्र पडायच्या आत गिरिधररावांनी फोन लावला. "रविवारी स्टँडवर ये."

"अरे, तो एसटीचा वास..."

"वास मी घेतो. तू ये."

सुमंतने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

रविवारी गिरिधरराव काखेत चौरंग मारून फलाटावर उभे. येणारे-जाणारे बघत. धरमपेठेतला एखादा ओळखीचा भेटू नये, अशी प्रार्थना आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी केली. गाडी लागताच त्यांनी रुमाल टाकले. एक सीटवर पडला, दुसरा खिडकीच्या गजाला लोंबत राहिला. गर्दी दाराशी तुटून पडली. ती आत जिरल्यावर त्यांनी वळून पाहिलं, तर खांबाशी सुमंत उभा होता, नूपुरचा हात धरून. त्याची नजर चौरंगावर होती आणि चेहरा दगडासारखा झाला होता.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"माझे गुडघे गेले," गिरिधरराव फलाटभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "चढवत नाही आता."

त्यांनी चौरंग दाराखाली ठेवला. चप्पल घातलेला पाय त्यावर टेकवला. कुंकवाचा डाग टाचेखाली गेला तेव्हा अंगावर काटा आला. मग दांडा धरून, कण्हत, थांबत ते वर चढू लागले. सोंग अगदी भिकार होतं.

कंडक्टर बाई दारातच तिकिटाचं मशीन घेऊन उभी होती. तिने खाली पाहिलं आणि पदराआडून नाही, मोकळ्या गळ्याने विचारलं, "काय काका, येष्टीत सत्यनारायण घालून राहिले का?"

सगळी गाडी हसली. मागच्या बाकांपर्यंत हसू पोचलं. गिरिधररावांचे कान तापले. तेच वाक्य, आणि ते असं लागतं? जिभेवर चार उत्तरं तयार होती. ती त्यांनी गिळली आणि पायरीवर उभे राहिले.

खालून सुमंत म्हणाला, "केळीचे खांब राहिले त्याचे, बाई. डिक्कीत बघा."

त्याने नूपुरचा हात सोडला, चौरंगाला हात जोडले आणि पाय ठेवला. गिरिधररावांनी वरून हात दिला. डावा पाय पहिल्यांदा आला नाही. गाडी थांबून होती, कोणीतरी मागून च्यक् केलं, पण दुसऱ्यांदा तो वर आला. नूपुरने चौरंग उचलून आत दिला.

दोघे जागेवर बसले. सुमंतने गजाला लोंबणारा रुमाल काढून घेतला. "नेम अजून तसाच आहे तुझा," तो म्हणाला. पारडी आली तेव्हा बाहेर बघत म्हणाला, "नदीवर तू मला हसवलंस सगळ्यांकडून."

"हो."

"मी विसरणार नाही ते."

"नको विसरू," गिरिधरराव म्हणाले.

मौद्याला गाडी थांबली. खाली एक म्हातारी, डोक्यावर गाठोडं, पायरीकडे बघत उभी होती. तिने दांडा धरला, पाय उचलला, परत खाली ठेवला. गाडीत चुळबूळ सुरू झाली. कोणीतरी हसलं. गिरिधररावांचं तोंड सवयीने उघडलं. सुमंतने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

गिरिधररावांनी तोंड मिटलं. पायाशी ठेवलेला चौरंग उचलला आणि ते दाराकडे निघाले.

"सरका, सरका," ते उभ्या माणसांना म्हणाले. "आजीले चढू द्या."